गणपतीमागचा तांब्या

मला तांब्या काढता येतो. पेन्सिलीने, समोर ठेवून, छायेसकट. याच्यापलीकडे मला चित्रकलेतलं काही येतं असं कोणी म्हणत असेल, तर तो एक तर माझा नातेवाईक असणार, नाहीतर मी काढलेलं माणूस त्याने अजून पाहिलेलं नसणार.

या तांब्याचं मूळ आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडे जातं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या समुद्रकाठच्या गावात तोवर चित्रकला नावाचा विषय वेळापत्रकात असायचा, पण त्या तासाला आम्ही शाळेच्या परसातलं गवत काढायचो. मग एका जूनमध्ये फोंडाघाट उतरून हे मास्तर आले. कोल्हापूरकडचे, उंच, सडपातळ, आणि आमची भाषा अजिबात न कळणारे. आम्ही "माका येना नाय" म्हटलं की ते "येईल, येईल" म्हणायचे. बिचाऱ्यांना वाटायचं, आम्ही नम्रपणे बोलतोय.

पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक पितळी तांब्या ठेवला आणि म्हणाले, "काढा."

आम्ही काढला. मास्तर बाकांमधून फिरले. माझ्यापाशी थांबले.

"बाळ, हे काय आहे?"

"तांब्या."

"गळ्याला काय झालंय त्याच्या? सूज आलीय का?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण शेजारच्याचा तांब्या माझ्यापेक्षा वाईट होता. त्याचं तोंड पूर्ण गोल होतं, वरून विहिरीत बघितल्यासारखं. मास्तर त्याला म्हणाले, "तोंड गोल आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू गोल काढलंस. ठाऊक आहे ते काढायचं नाही. दिसतं ते काढायचं." हे वाक्य मी मनात अगदी घट्ट बांधून ठेवलं. पुढे त्यानेच माझा घात केला, पण ते नंतर.

मग त्यांनी माप घ्यायला शिकवलं. पेन्सिल हातात उभी धरायची, हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक तांब्याच्या काठाशी जुळवायचं आणि खाली बुडाशी अंगठा सरकवायचा. झालं माप. रुंदी किती, उंचीत ती कितीदा बसते, सगळं त्या अंगठ्यावर. यात एकच अट होती. कोपर ताठ हवं. माझं कोपर जन्मजात आळशी. दर मापाला ते थोडं थोडं वाकायचं, पेन्सिल डोळ्याजवळ यायची, आणि तांब्या दर वेळी नव्या आकाराचा निघायचा. "कोपर!" हे माझं त्या वर्गातलं नाव पडलं. मास्तर हजेरी घेतानासुद्धा एकदा चुकून "कोपर" म्हणाले, आणि मी "हजर" म्हणालो.

पण नाद लागला. दिसेल त्याचं माप घ्यायला लागलो. माडाचं, गुरांचं, देवळाच्या शिखराचं. एकदा विहिरीवर कळशी घेऊन निघालेल्या शेजारच्या काकूंचं माप घेत होतो, तर त्या संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन आईला म्हणाल्या, "वैनी, तुझ्या झिलाक आवर. माका बघून डोळो मारता."

आईने माझा कान धरला. मी पेन्सिल दाखवून सगळं शास्त्र समजावून सांगितलं. काकू ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माप घेवचा तर दोन्ही डोळे उघडे ठेवन घे."

खोडरबर वापरायचं नाही हा मास्तरांचा दुसरा दंडक. चुकीची रेघ तशीच राहू दे, शेजारी बरोबर काढ. अगदीच पुसायचं तर मोठे चित्रकार पावाचा मऊ गर वापरतात, असं ते एकदा सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी आईकडून पाव मागून नेला. तास दुपारचा होता. रेघ चुकायच्या आतच मी रबर खाऊन संपवलं.

हे सगळं घरात बसून ऐकणारा, बघणारा आणि नाक मुरडणारा एक माणूस होता. माझे काका. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे माड, शेत, गुरं आणि मी, हे चारही काकांच्या ताब्यात. काका पोटाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भरभक्कम. आणि गणपतीची भिंत त्यांची.

आमच्याकडे गणपती जिथे बसतो, त्या मागच्या भिंतीवर दर चतुर्थीला नवं चित्र काढतात. भिंत कोरी ठेवून देव बसवणं म्हणजे पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवणं. आधी चुना, मग रंग. रंग म्हणजे गेरू, नीळ, हळद आणि काजळ. काका काथ्याच्या कुंचल्याने काढायचे. पेन्सिल नाही, माप नाही, दार आतून बंद. गणपती घरात येईपर्यंत भिंत कोणी बघायची नाही हा आमच्या घरातला नियम. आईसुद्धा चहाचा कप दाराशी ठेवून निघून जायची. चित्र दर वर्षी साधारण तेच असायचं. डावीकडे मोर, उजवीकडे मोर, वर वेली आणि कमळं. आणि मध्ये काही नाही. चक्क पांढरा चुना.

त्या मधल्या पांढऱ्याबद्दल माझं मत तयार होतं. काकांना मधलं काही जमत नाही. मोर शिकले, तिथे शिक्षण थांबलं. मास्तर आम्हाला सांगायचे, मुख्य विषय मध्यभागी, बाकीचं त्याच्या आजूबाजूला. काकांनी मुख्य विषयच गाळला होता, आणि इतक्या वर्षांत गावात एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं! मी मनातल्या मनात काकांना माफ केलं होतं. शाळेत कुठे गेले होते ते.

त्या वर्षी श्रावणात काका शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि उजवा हात मनगटात मोडून गळ्यात झोळी आली. काका हातापेक्षा भिंतीच्या काळजीत. गावात चित्राचा हात असलेला दुसरा एकच माणूस होता, होड्यांवर नावं रंगवणारा पेंटर. त्याला बोलवायचं म्हणजे काकांच्या जिवावरचं काम. दर चतुर्थीला भजनी मंडळी घरोघर फिरताना भिंती बघतात, आणि दर चतुर्थीला काका त्या पेंटरच्या घरी उभं राहून मोठ्याने म्हणायचे, "गणपतीच्या मागे होडी काढलंस ती बरी. पण तिचो नंबर कित्याक घातलंस?" अशा माणसाच्या हाती आपली भिंत द्यायची?

मी पुढे झालो. "काका, मी काढतंय."

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुका काय येता?"

"तांब्यो येता."

"तांब्यो." काकांनी आईकडे बघितलं. "तांब्यो काढतलो म्हणता. उद्या घागर काढीत, परवा हंडो. देवघर नाय, मोड-भांड्याचा दुकान."

आई म्हणाली, "काढूंदे हो. दुसरो कोण आसा?"

काका बराच वेळ झोळीतला हात कुरवाळत बसले. मग म्हणाले, "बघ. भिंत बरी झाली तर ती पुढे तुझी. माझो हात परत चालाक लागलो तरी तुझी. पण लोक हसले तर पुढच्या वर्षी पेंटराक बोलवतलंय, आणि तुका त्याच्या हाताखाली रंग ढवळूक बसवतलंय."

एवढी मोठी पैज माझ्यावर त्याआधी कोणी लावली नव्हती. नंतरही नाही.

विषय निवडला समुद्रमंथन. कारण सांगायला हवं का? त्यात अमृताचा कुंभ असतो. कुंभ म्हणजे काय, गळा जरा बारीक केलेला तांब्याच. मध्यभागी मंदार पर्वत, त्याच्या पुढ्यात छायेसकट अमृतकुंभ, आणि दोन्ही बाजूंना वासुकी ओढणारे देव आणि राक्षस. मास्तरांना कागदावर आराखडा दाखवला. "वा! मुख्य विषय अगदी मध्यभागी," ते म्हणाले. त्यांच्या घाटावर गणपतीमागे भिंत रंगवत नाहीत. त्यांचा यात काडीचा दोष नाही.

अडचण एकच होती. मला माणसांची तोंडं येत नव्हती. काढलेलं प्रत्येक तोंड नुकतंच रडून आल्यासारखं दिसायचं. मग उपाय सुचला. ओढणाऱ्या माणसांची पाठच दिसते ना? सगळे देव पाठमोरे! सगळे राक्षस पाठमोरे! आणि पाठी बघायला आमच्याकडे हवी तेवढी सोय होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की रापण सुरू व्हायची. लांबलचक जाळं होडीतून समुद्रात सोडायचं आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढत आणायचे. मी शाळा सुटली की वाळूत त्यांच्या मागे जाऊन बसायचो. एक डोळा मिटून. कोपर, शक्य तेवढं, ताठ.

"काय रे, कित्याचा माप घेतस?" रापणीचा तांडेल, म्हणजे तिथला म्होरक्या, एकदा ओढता ओढता ओरडला.

"तुमच्या पाठीचा."

"सदरो शिवतंस काय माका?"

त्यांच्या पाठी मला पाठ झाल्या. तांडेलाची पाठ दारासारखी रुंद, डाव्या खांद्याखाली भलीमोठी मस. एकाची पाठ बाकदार, एकाचा एक खांदा वर. मी कागदावर उतरवल्या आणि भिंतीवर नेल्या. दार बंद करून बसलो तो थाट काय वर्णावा! आई चहा दाराशी ठेवून जायची. काका दाराबाहेर घुटमळायचे, खाकरायचे, पण नियम त्यांनीच केलेला, आत कसे येणार? मी आतून मुद्दाम मोठ्याने श्वास टाकायचो, थोर चित्रकार थकलाय असं वाटावं म्हणून.

पर्वत झाला. वासुकी झाला. राक्षसांना काजळ फासून शिंगं लावली. आणि शेवटी, सगळी कला पणाला लावून, बरोबर मध्यभागी अमृतकुंभ. पेन्सिलीने छाया भरली, हळदीचा पातळ हात दिला, एका अंगाला चुन्याचा उजेड तसाच राखला. हात मागे घेतला आणि बघत राहिलो. तोंड लांबट, गळा सडपातळ, सूज नाही. कोपर आयुष्यात पहिल्यांदा ताठ राहिलं होतं.

चतुर्थीच्या सकाळी गणपती आला. वडील घाटमार्गे आदल्या दिवशी येऊन पोचले होते, मूर्ती त्यांच्याच डोक्यावर होती. काकांनी दार उघडलं. सगळे उंबरठ्याशी थांबले. भिंत बघून आईने तोंडावर हात ठेवला, वडील "अरे!" म्हणाले. काकांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी जिंकलो होतो.

मग भिंतीला लागून चौरंग मांडला. चौरंगावर पाट. पाटावर गणपती. वरून माटवी टांगली होतीच, नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानफुलं बांधलेली लाकडी चौकट.

आणि माझा पर्वत गेला. कुंभ गेला. छाया, उजेड, सडपातळ गळा, सगळं मूर्तीच्या मागे. पर्वताचं जे टोक वर उरलं असतं, त्यावर माटवीतली काकडी लोंबत होती.

दर वर्षी मी त्या खोलीत आरती केली होती, प्रसाद खाल्ला होता. देव कुठे बसतो हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक आहे ते काढायचं नाही ना! दिसतं ते काढायचं. दार बंद करून बसलो तेव्हा मला दिसत होती मोकळी भिंत.

आता भिंतीवर उरलं होतं ते असं. डावीकडून काळ्या पाठींची रांग, उजवीकडून गोऱ्या पाठींची रांग, दोघांच्या हातात जाडजूड दोर, आणि दोन्ही दोर गणपतीच्या पाठीमागे गडप. राक्षस गणपतीला इकडे ओढतायत, देव तिकडे. गणपती मध्ये शांत बसलेले. काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मोर बाजूलाच का काढतात आणि मध्ये चुना का सोडतात, ते मला त्या बघण्यात कळलं.

संध्याकाळी भजनी मंडळी आली. टाळ, मृदंग, आणि मागोमाग अर्धा गाव. त्यात पेंटर झांजा घेऊन, आणि रापणीची मंडळी तर सगळीच. मी खांबामागे. पहिला अभंग सुरळीत झाला. दुसऱ्याला बुवांची नजर भिंतीवर गेली, आणि आलाप मध्येच लटकला.

"आरे," बुवा म्हणाले, "गणपतीक रापणीत धरल्यानी!"

अशी हसली खोली, की समई विझायची राहिली. कोण म्हणे, दोर तुटलो तर देव थेट कणकवलेक जाय. कोण म्हणे, पुढच्या वर्षी देव येवचो नाय, ह्यांच्याकडे वढावढ फार. वडीलही हसत होते, ते मला जास्त लागलं. आणि पेंटर झांजा मांडीवर ठेवून अगदी सावकाश म्हणाला, "चित्र बरा आसा. पण मधे काय आसा ता दिसना नाय."

काका कोपऱ्यातून गरजले, "देवाच्या मागे जा आसा ता देवाचा. तुका कित्याक दिसाक व्हया?"

पेंटरने झांजा परत उचलल्या. मी थक्क. काकांनी माझी बाजू घेतली होती! वळून बघितलं, तर ते माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होते की वाटलं, पेंटरच्या हाताखाली रंग ढवळणं तसं वाईट नाही.

तेवढ्यात तांडेल उठला. भिंतीजवळ गेला. राक्षसांच्या रांगेत अगदी टोकाला, वासुकीच्या तोंडाशी, दोन शिंगांचा एक दांडगा राक्षस होता. तांडेलाने त्याच्या डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं.

"ही मस कोणाची?"

सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

तांडेलाने सगळ्यांकडे पाठ केली आणि सदरा वर केला. मस तिथल्या तिथे. खोलीत जो गदारोळ झाला तो गावभर ऐकू गेला असणार. मग प्रत्येक जण भिंतीला लागला. "ह्यो वाकडो मी!" "खांदो वर आसा तो तू!" ज्यांना देवांच्या रांगेत जागा मिळाली होती ते ताठ बसले. राक्षसवाले माझ्याकडे वळले.

"इकडे ये रे झिला," तांडेल म्हणाला. मी खांबामागून निघालो. "माका राकसात कित्याक घातलंस?"

खरं उत्तर असं होतं, की काजळ उरलं होतं आणि त्याची पाठ सगळ्यात मोठी होती. मी म्हणालो, "तुमी जोरान वढतास."

तांडेल पुन्हा भिंतीकडे वळला. पाय रोवलेले, पोटऱ्या, दोराचा ताण, सगळं त्याने नीट बघितलं. मग देवांची रांग बघितली.

"बराबर आसा," तो म्हणाला. "राकस वढतत. देव नुसते दोर धरून उभे." आणि देवांत बसलेल्यांकडे वळून, "रापणीरसुद्धा ह्यांचा असाच आसता."

मग ते दोन्ही पक्ष आपसात जुंपले आणि मी सुटलो. त्या चतुर्थीत आमच्याकडे एवढी माणसं आली, की आई करंज्या तळून दमली. शेजारच्या वाडीतले लोकसुद्धा आपली कोणी पाठ भिंतीवर आहे का ते बघायला येत. पण पैजेचं काय? लोक हसले होते. भरपूर हसले होते. काकांनी त्या दिवसांत भिंतीबद्दल एक शब्द काढला नाही आणि मी विचारलं नाही. मूर्ती बसली की तिच्या मागच्या भिंतीवर कुंचला फिरवायचा नसतो, त्यामुळे सुधारणाही नाही.

गौरीबरोबर गणपती गेले. समुद्रावरून रिकामा पाट आणि त्यावर मूठभर वाळू घेऊन आम्ही परत आलो. पाट चौरंगावर ठेवायला काका आत गेले, आणि मी त्यांच्यामागून. दिवा लावलेला होता. इतके दिवस झाकलेला मधला भाग पुढे आला होता. पर्वत, आणि त्याच्या पुढ्यात कुंभ.

काका पाट हातात घेऊनच उभे राहिले. एका हाताने जड जात होता, तरी खाली ठेवला नाही.

"ह्यो शाळेतलो तांब्यो?"

"होय."

"अमृत ह्याच्यात?"

"होय."

काका पुढे झाले आणि कुंभाच्या पोटावर, जिथे मी उजेड राखला होता, तिथे त्यांनी बोट फिरवलं. बोटाला चुना लागला. ते बोटाकडे बघत राहिले, तिथे खरंच काही फुगीर लागेल असं वाटल्यासारखे.

"डोळो मारून येता ह्या?"

"कोपर ताठ ठेवचा लागता."

"हं," काका म्हणाले आणि पाट ठेवून जेवायला गेले.

पुढच्या वर्षी काकांचा हात पुरता बरा झाला होता. चतुर्थी जवळ आली तशी त्यांनी भिंतीला स्वतः चुना दिला. मी पडवीत बसून, आता रंग ढवळायची काठी आणायची की काय, या विचारात. एवढ्यात आतून हाक आली, "पेन्सिल घेवन ये!"

आत गेलो. काकांनी चौरंग भिंतीला लावून मांडला होता, आणि चौरंगावर स्वतः मांडी घालून बसले होते. एक हात मांडीवर, दुसरा आशीर्वाद दिल्यासारखा वर, पोट सुटलेलं. सोंड आणि कान सोडले तर काही कमी नव्हतं.

"दार लाव," ते म्हणाले. "आता हंयसून हंयपर्यंत देव. माटवी वर. ह्याच्या भायर काय व्हया ता काढ. घे माप."

मी उंबरठ्याशी उभा राहिलो. पेन्सिल उभी धरली, हात लांब केला, एक डोळा मिटला. काका हलायचे नाहीत, पण मला हसू आवरेना आणि हात खाली यायला लागला.

"कोपर, मेल्या!" गणपती चौरंगावरून ओरडले. "कोपर!"